कर्नल आणि कर्नेल: अकरा वर्षांनी बुजवलेली फट

फौजेत ‘कर्नल’ म्हणजे पलटणीचा बाप. रजा कुणाला मिळणार, कोतातली कुठली रायफल कुणाच्या हाती जाणार, क्वार्टर गार्डवर कोण उभा राहणार, या सगळ्यात शेवटचा शब्द त्याचा. संगणकाच्या दुनियेतही याच उच्चाराचा एक अधिकारी आहे. त्याचं स्पेलिंग वेगळं आणि अर्थही वेगळा, बियाच्या आतला गर किंवा गाभा. मराठी कानाला मात्र दोन्ही सारखेच लागतात. गोंधळ नको म्हणून या लेखात मी त्याला ‘कर्नेल’ म्हणेन.

काम दोघांचं जवळपास सारखंच. संगणकात एकाच वेळी शेकडो प्रोग्रॅम चालत असतात आणि प्रत्येकाला मेमरी, डिस्क, प्रोसेसर हवा असतो. कुणाला काय द्यायचं, कुणी कशाला हात लावायचा नाही, हे कर्नेल ठरवतं. कर्नेल फसलं की बाकी सगळे पहारे निरर्थक. दारावरचा सेंट्री कितीही जागा असो, खुद्द सीओ साहेबांच्या सहीचा खोटा कागद कुणी आणला तर तो बिचारा काय करणार?

मी सिग्नल्सचा माणूस. महूच्या आमच्या कॉलेजात कोर्सच्या निमित्ताने येणं-जाणं झालं, तिथून पुढे पूर्वेला आणि उत्तरेलाही पोस्टिंग झाली. या ब्लॉगवर मी बहुधा किल्ले, लढाया, छावण्यांची जुनी गावं यांच्याबद्दल लिहितो. आज एका वेगळ्या रणभूमीचा इतिहास सांगतो. यात बंदूक नाही, पण पहारा आहे, फट आहे, घुसखोर आहे, आणि एक रद्द झालेला आदेश आहे, ज्याच्याकडे पुन्हा वळून बघायला कुणाला बराच काळ सुचलं नाही. आपल्या फौजेतली यंत्रं कुठली आणि त्यात काय चालतं, हे मी लिहिणार नाही हे वेगळं सांगायला नको. खाली आहे ते सगळं जगासमोर आधीच उघड झालेलं आहे.

एक नकाशा, अनेक टाल्क

लिनक्स हे कर्नेल १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहायला घेतलं. आज प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या पोटात तेच आहे. इंटरनेटचे बहुतेक मोठे सर्व्हर त्याच्यावर चालतात. नोव्हेंबर २०१७ पासून तर जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीतले सगळेच्या सगळे लिनक्सवर आहेत. आपल्याकडे सी-डॅकने २००७ साली काढलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीही लिनक्सचीच. तेव्हा लिनक्सच्या कर्नेलमधली फट ही कुणा एका देशाची किंवा एका कंपनीची अडचण नसते. गावाच्या धरणालाच भेग पडावी तसा प्रकार असतो.

आता ती फट नेमकी कुठे होती ते समजण्यासाठी आपल्या ऑप्स रूममध्ये जाऊ. भिंतीवर मुख्य नकाशा लावलेला आहे. प्रत्येक कंपनी कमांडरला त्याच्यावर आपल्या खुणा करायच्या आहेत. प्रत्येकाला नवा नकाशा छापून देणं परवडत नाही आणि मूळ नकाशावर कुणाला पेन्सिल लावू देणंही शक्य नाही. मग आपण काय करतो? जोवर नुसतं बघायचं आहे तोवर सगळ्यांनी एकच नकाशा बघायचा. ज्याला खूण करायची आहे त्याच्यासाठी तेवढ्या चौकोनावर टाल्क लावायचा. चायनाग्राफ पेन्सिल टाल्कवर चालते, नकाशा कोरा राहतो.

संगणकातही हेच चालतं. मेमरी पानांमध्ये वाटलेली असते आणि एक पान साधारण ४ किलोबाइटचं असतं. दहा प्रोग्रॅमना एकच फाइल वाचायची असेल तर कर्नेल ती मेमरीत एकदाच आणतं आणि दहाही जणांना तीच पानं दाखवतं. त्यातल्या कुणी आपल्या खासगी वापरासाठी त्या पानावर लिहायला हात उचलला, की त्या क्षणी फक्त त्या पानाची नक्कल करून त्याच्या हाती दिली जाते. या युक्तीला ‘कॉपी-ऑन-राइट’ म्हणतात: लिहायची वेळ आली तरच नक्कल. इंग्रजी आद्याक्षरं जुळवली की ‘काऊ’, म्हणजे गाय, असा शब्द होतो. हा विनोद पुढे कामी येणार आहे.

युक्ती जुनी आहे. सत्तरच्या दशकाच्या उंबरठ्यावर अमेरिकेत पीडीपी-१० यंत्रांसाठी बनवलेल्या टेनेक्स या प्रणालीत ती होती. युनिक्समध्ये सुरुवातीला नवा प्रोग्रॅम जन्माला घालताना जुन्याची पूर्ण मेमरी नकलून द्यायची पद्धत होती. ते इतकं महाग पडे की बर्कलीच्या मंडळींनी १९७९ च्या आवृत्तीत नक्कलच न करणारा एक खास मार्ग काढला. पुढे कॉपी-ऑन-राइट सगळीकडे रुजली, कारण त्यात काटकसर आणि सुरक्षा दोन्ही साधतात. अट एकच. टाल्क लावल्याशिवाय पेन्सिल टेकता कामा नये. एकदाही नाही.

ऑगस्ट २००५: आदेश निघाला आणि मागे घेतला

या अटीला एक चोरवाट होती, आणि ती चांगल्या हेतूने ठेवलेली होती. प्रोग्रॅममधली चूक शोधायला डीबगर नावाचं साधन असतं. ते चालत्या प्रोग्रॅमच्या पोटात शिरून एखाद्या ओळीवर ‘थांब’ अशी खूण करतं. ती ओळ ‘फक्त वाचा’ असा शिक्का असलेल्या पानावर असते. म्हणून कर्नेल डीबगरला म्हणतं, ठीक आहे, तुला सक्तीने लिहू देतो, पण मूळ पानावर नाही. तुझ्यासाठी नक्कल करतो, तिच्यावर लिही.

हे काम एका फेऱ्यात चालतं. कर्नेल विचारतं: लिहिण्यायोग्य पान आहे का? नाही. मग नक्कल कर. आता आहे का? पण इथे पेच येतो. नक्कल झाली तरी त्या पानावर ‘फक्त वाचा’ हा शिक्का कायमच असतो, कारण प्रोग्रॅमला स्वतःला तिथे लिहायची परवानगी नाहीच. म्हणजे कर्नेलने पुन्हा विचारलं की उत्तर पुन्हा ‘नाही’. हा फेरा सुटणार कसा?

२००५ च्या ऑगस्टमध्ये टोरवाल्ड्सच्या लक्षात आलं की या फेऱ्यात गडबडीला जागा आहे. त्यांनी दुरुस्ती घातली. पानांच्या तक्त्यात प्रत्येक पानासमोर एक ‘मळलं’ अशी खूण असते. पानावर लिहिलं गेलं की ती लागते. ही खूण असेल तर नक्कल झाली आहे असं समजायचं आणि मगच पुढे जायचं.

दुरुस्तीचा विचार योग्य होता, पण काही दिवसांतच ती मागे घ्यावी लागली. कारण होतं आयबीएमच्या मेनफ्रेम यंत्रांचं, ज्यांना लिनक्सच्या भाषेत एस-३९० म्हणतात. बँका आणि विमा कंपन्यांची ही भारदस्त यंत्रं ‘मळलं’ ही खूण पानांच्या तक्त्यात ठेवतच नसत. ती खऱ्या मेमरीशी जोडलेल्या वेगळ्या नोंदीत असे. तक्त्यात बघणाऱ्या कर्नेलला ती कधीच दिसली नसती आणि फेरा अनंतकाळ फिरत राहिला असता. म्हणून निक पिगिन या विकासकाने दुसरा मार्ग दिला. नक्कल करणाऱ्याने ‘नक्कल केली’ असा निरोप दिला, की पुढच्या फेरीत ‘लिहायचंय’ ही अटच काढून टाकायची आणि नुसतं ‘वाचायला पान द्या’ म्हणायचं. नक्कल तर झालेलीच आहे, मग आता वाचायचं पान मागितलं काय आणि लिहायचं मागितलं काय, मिळणार तीच.

त्या वेळी हे सगळ्यांना पटलं, आणि त्यात गैर काही नव्हतं. यंत्रं अडकून पडणं ही समोरची अडचण होती. उरलेली फट होती ती दोन निरोपांच्या मधल्या काही अब्जांश सेकंदांची. तेवढ्या वेळात कुणी नक्कल फाडून टाकली तर? तसं होणं कागदावरच शक्य वाटत होतं. लक्षात घ्या, घरातल्या संगणकांना दोन गाभ्यांचे प्रोसेसर त्याच वर्षी, २००५ मध्ये, मिळू लागले होते. फट आहे हे माहीत होतं. त्या फटीतून कुणी शिरू शकेल असं कुणाला वाटत नव्हतं.

चायनाग्राफ मूळ नकाशावर

२००७ साली आलेल्या २.६.२२ या आवृत्तीपासून पुढच्या सगळ्या लिनक्स कर्नेलमध्ये ही फट वापरून हल्ला करता येत होता, असं पुढे स्पष्ट झालं. हल्ला कसा, ते आपल्या ऑप्स रूमच्या भाषेत सांगतो.

एक जवान आहे, ज्याला मुख्य नकाशा बघायची परवानगी आहे पण त्यावर खूण करायची नाही. तो एकाच वेळी दोन माणसांना कामाला लावतो. पहिला माणूस क्लार्ककडे जाऊन म्हणतो, मला या चौकोनात खूण करायची आहे. क्लार्क म्हणतो, थांब, टाल्क लावतो. टाल्क लावला जातो. क्लार्क चिठ्ठीवरचं ‘लिहिण्यासाठी’ हे खोडतो आणि ‘बघण्यासाठी’ लिहून पुन्हा खिडकीशी जातो. नेमक्या या वेळी दुसरा माणूस म्हणतो, माझा तो टाल्क आता नको, काढून टाका. ही मागणीही कायदेशीरच. स्वतःची नक्कल परत करायचा हक्क प्रत्येकाला आहे. टाल्क निघतो. क्लार्क चिठ्ठी वाचतो: ‘बघण्यासाठी’. बघायला मूळ नकाशा द्यायला हरकत नसतेच, म्हणून तो मूळ नकाशा पुढे करतो. पण पहिल्या माणसाच्या हातात पेन्सिल तयारच आहे. खूण मूळ नकाशावर उमटते, आणि मूळ नकाशा सगळे बघतात.

एका वेळेला हे जुळून येणं अवघड आहे. पण संगणक थकत नाही. दोन धागे लाखो वेळा हा खेळ खेळतात आणि काही सेकंदांत एकदा तरी वेळ साधते. मग साधा वापरकर्ता ज्या फाइलला हात लावू शकत नाही अशी फाइल बदलतो. उदाहरणार्थ, वापरकर्त्यांची यादी, किंवा सर्वाधिकाऱ्याच्या हक्काने चालणारा एखादा प्रोग्रॅम. त्यानंतर तो स्वतःच सीओ साहेब. वर आणखी एक गंमत: यातलं प्रत्येक पाऊल नियमाप्रमाणेच असल्यामुळे रजिस्टरमध्ये संशयास्पद असं काहीच नोंदलं जात नाही.

पहारा ठेवणारा माणूस

ही फट उजेडात आली ती कुठल्या प्रयोगशाळेत नाही, तर एका सावध माणसामुळे. फिल ओस्टर हे लिनक्सचे अनुभवी जाणकार. आपल्या सर्व्हरकडे बाहेरून येणारी सगळी वेब वाहतूक साठवून ठेवायची त्यांची जुनी सवय होती. काही घडलं तर मागे जाऊन बघता यावं, एवढाच हेतू. २०१६ साली त्यांच्या एका सर्व्हरवर कुणीतरी शिरलं. साठवलेल्या वाहतुकीत शोधल्यावर घुसखोराने चढवलेली फाइल सापडली. ओस्टर यांनी ती वेगळ्या, बंदिस्त यंत्रावर चालवून बघितली आणि ती काय करते हे त्यांना कळून चुकलं.

फौजेत हे आपण रोज शिकवतो आणि तरी कंटाळवाणं म्हणून टाळतो: लॉगबुक भरणं. रात्री दोन वाजता कोण आलं, कुठल्या गाडीतून आलं, कुणाला भेटलं. वर्षानुवर्षं त्या वहीची कुणाला गरज पडत नाही. एके दिवशी तेवढीच एक वही उपयोगाची ठरते.

ओस्टर यांनी कर्नेलच्या सुरक्षा गटाला कळवलं, जगाला नाही. हा शिरस्ता महत्त्वाचा आहे. आधी भिंत बुजवायची, मग दवंडी पिटायची. दुरुस्ती टोरवाल्ड्स यांनी स्वतः लिहिली आणि १८ ऑक्टोबर २०१६ रोजी ती मुख्य कर्नेलमध्ये गेली. दुसऱ्या दिवशी बातमी जाहीर झाली आणि २० ऑक्टोबरला ४.८.३, ४.७.९ आणि ४.४.२६ या दुरुस्त आवृत्त्या बाहेर पडल्या. फटीला अधिकृत क्रमांक मिळाला सीव्हीई-२०१६-५१९५ आणि लोकांनी नाव दिलं ‘डर्टी काऊ’, मळकी गाय. ‘मळलं’ ही खूण आणि ‘काऊ’ ही युक्ती, दोन्ही एकाच नावात. तोपर्यंत प्रत्येक मोठ्या फटीला नाव, बोधचिन्ह आणि संकेतस्थळ द्यायची फॅशन आली होती. या गायीलाही ते सगळं मिळालं.

दुरुस्ती किती मोठी असेल? वीस ओळींच्याही आत. ‘लिहायचंय’ ही अट खोडायची नाही, ती शेवटपर्यंत चिठ्ठीवर राहू द्यायची. शेजारी एक नवी खूण करायची: ‘नक्कल केलेली आहे’. आणि पान हाती देण्याआधी तक्त्यात बघायचं, ते खरंच ‘मळलं’ आहे का? नसेल तर मधल्या काळात कुणीतरी नक्कल काढून घेतली आहे; पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. थोडक्यात, क्लार्कने आपल्या आठवणीवर विश्वास ठेवायचा नाही, देण्याच्या क्षणी डोळ्यांनी टाल्क बघायचा.

या दुरुस्तीसोबत टोरवाल्ड्स यांनी जी नोंद लिहिली तिच्यासाठी मी हा लेख लिहितोय. ही फट फार जुनी आहे. अकरा वर्षांपूर्वी आपणच ती बुजवायचा प्रयत्न केला होता आणि तो नीट जमला नव्हता. एस-३९० च्या अडचणीमुळे तो मागे घेतला गेला. ती अडचण कधीच सुटली आहे. आणि दरम्यान कर्नेल इतकं वेगवान झालं की तेव्हा केवळ तात्त्विक असलेला धोका आता सहज प्रत्यक्षात आणता येतो, असा त्या नोंदीचा आशय आहे. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध प्रोग्रॅमरने कायमच्या दप्तरात स्वतःच्या जुन्या कामाबद्दल असं सरळ लिहावं, याला मी नेतृत्व म्हणतो. पुढे येणाऱ्या माणसाला त्यात पूर्ण इतिहास मिळतो: काय केलं होतं, का मागे घेतलं, आता काय बदललं.

आदेश रद्द होण्याचं कारण कधी संपलं?

त्या नोंदीत एक बारीक तपशील आहे, त्याच्यावर मी बराच वेळ थांबलो. मेनफ्रेम यंत्रांसाठीही ‘मळलं’ ही खूण तक्त्यात ठेवायची सोय ३.९ या आवृत्तीत आली. ती आवृत्ती एप्रिल २०१३ ची. म्हणजे २००५ ची दुरुस्ती ज्या कारणासाठी मागे घेतली होती ते कारण २०१३ मध्येच संपलं होतं. त्या दिवशी कुणीतरी जुनं दप्तर उघडून म्हणायला हवं होतं, अरे, या अडचणीमुळे आपण एक दरवाजा उघडा ठेवला होता, आता तो लावूया. तसं झालं नाही. आणखी साडेतीन वर्षं गेली, आणि दरवाजा कुठे आहे हे आधी घुसखोराने सांगितलं.

यात कुणाला दोष द्यावा? मेनफ्रेमची मंडळी आपलं काम करत होती. मेमरीची मंडळी वेगळी. २००५ चा निर्णय घेणारे दुसऱ्या शंभर कामांत. प्रत्येक जण आपल्या जागी बरोबर होता.

हे वाचणाऱ्या माजी सैनिकांना वेगळं सांगायला नको. आपली पोस्टिंग दोन-तीन वर्षांची. जाताना चार्ज देतो, हँडिंग ओव्हर नोट्स लिहितो. त्यात गाड्या, हत्यारं, तंबू, पैसा यांचा हिशेब चोख असतो. पण ‘अमुक नाल्यावरचा पहारा आपण अमुक कारणाने उठवला, ते कारण संपलं की पुन्हा बसवा’ असं वाक्य किती नोट्समध्ये असतं? उठवलेला पहारा नव्या माणसाला दिसत नाही. त्याला दिसतो तो फक्त नाला, आणि तिथे कधीच कुणी नव्हतं असं त्याला वाटतं.

कारगिलचं उदाहरण इथे द्यावंच लागेल. हिवाळ्यात उंचावरच्या काही चौक्या रिकाम्या करायच्या, हा रिवाज वर्षानुवर्षं चालत आलेला होता. त्या उंचीवर, त्या बर्फात कुणी ठाण मांडून राहू शकणार नाही, हे त्यामागचं गृहीतक. एके काळी ते बरोबर होतं. १९९९ मध्ये ते बरोबर राहिलं नव्हतं, आणि त्याची किंमत टोलोलिंग आणि टायगर हिलच्या चढावर पोरांनी मोजली. कर्नेलच्या फटीची तुलना त्या बलिदानाशी करायची नाही, ती होऊच शकत नाही. साम्य आहे ते फक्त विचाराच्या पद्धतीत. ‘अशक्य’ या शब्दाला तारीख लिहायला हवी. अशक्य, पण केव्हापर्यंत आणि कशामुळे?

दुरुस्ती निघाली म्हणजे पोहोचली असं नाही

२० ऑक्टोबरला दुरुस्ती तयार होती. पण जगभरात चालू असलेली यंत्रं? मोठ्या कंपन्यांनी आपापल्या जुन्या आवृत्त्यांसाठी ती दुरुस्ती बेतून दिली. रेड हॅटने तर यंत्र बंद न करता फटीसमोर तात्पुरता अडथळा उभा करणारी एक छोटी लिपी दिली. पक्की भिंत बांधेपर्यंत वाळूच्या गोण्या, असा प्रकार. खरी अडचण फोनची होती. अँड्रॉइडच्या सुरक्षा पत्रकात ही दुरुस्ती २०१६ च्या अखेरीस आली, पण तिथून फोन बनवणाऱ्याकडे आणि मग तुमच्या-माझ्या खिशापर्यंत पोहोचायला कधी महिने लागतात, कधी ती पोहोचतच नाही.

सप्टेंबर २०१७ मध्ये, म्हणजे दुरुस्तीला जवळजवळ वर्ष झाल्यावर, ट्रेंड मायक्रो या कंपनीच्या संशोधकांनी ‘झेडएनआययू’ नावाचं अँड्रॉइडवरचं दुष्ट सॉफ्टवेअर उघड केलं. ते याच फटीतून फोनचा पूर्ण ताबा घेत होतं. ४० हून अधिक देशांत ते आढळलं, आणि त्याचे बळी सर्वाधिक होते चीनमध्ये आणि आपल्या भारतात. म्हणजे ऑरेगनमध्ये बसलेल्या माणसाने वीस ओळी लिहिल्या, आणि त्या वेळेत न पोहोचल्याची झळ इथल्या माणसाला लागली.

गेल्या वर्षी आमच्या जुन्या युनिटमधले एक निवृत्त सुभेदार साहेब फोनवर बोलत होते. साताऱ्याकडचे. म्हणाले, “सर, हा मोबाईल रोज अपडेट मागतो. नातू म्हणतो करू नका, फोन हळू होतो. काय करू?” मी म्हटलं, “साहेब, तुम्ही क्वार्टर गार्डचं कुलूप बदलायला आलेल्या माणसाला कधी परत पाठवलंत का?” हसले. मग म्हणाले, “त्याचं ओळखपत्र बघून आत घेतला, सर.” यापेक्षा चांगला सल्ला मला देता आला नसता. अपडेट करायचं, पण फोनच्या स्वतःच्या सेटिंगमधून. कुणी निरोपात पाठवलेल्या दुव्यावरून नाही.

भिंत पुन्हा तपासा

गोष्ट इथे संपायला हवी होती. संपली नाही. मेमरीची पानं ४ किलोबाइटची असतात तशी सोयीसाठी २ मेगाबाइटची महापानंही असतात. २०१६ ची दुरुस्ती त्यांनाही लावली गेली. पण महापानांच्या कारभारात ‘मळलं’ ही खूण नक्कल न होताही लागू शकते, हे २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये बिंडेसी या इस्रायली गटाने दाखवून दिलं. म्हणजे ज्या खुणेवर सगळा भरवसा ठेवला होता ती खूणच तिथे खोटी निघाली. पुन्हा दुरुस्ती झाली.

२०२० मध्ये गुगलच्या यान हॉर्न यांनी कॉपी-ऑन-राइटच्याच कारभारातली आणखी एक गफलत दाखवली. आणि २०२२ मध्ये रेड हॅटच्या डेव्हिड हिल्डेनब्रँड यांना आढळलं की नव्या कर्नेलमध्ये, सामायिक मेमरीच्या काही फाइलींबाबत, मळक्या गायीची जुनी चाल पुन्हा चालते. या वेळी त्यांनी ‘नक्कल केली होती’ अशी आठवण ठेवणारी २०१६ ची खूण पूर्णच काढून टाकली. आता कर्नेल थेट पानालाच विचारतं: तू या प्रोग्रॅमचं एकट्याचं आहेस का? ‘हो’ असेल तरच सक्तीने लिहू द्यायचं. आधी काय घडलं होतं याची नोंद बघायची नाही. आत्ता काय आहे ते बघायचं.

२००५, २०१६, २०१७, २०२२. एकाच भिंतीची चार वेळा डागडुजी. काही वाचक म्हणतील, इतक्या हुशार लोकांना एकदाच नीट करता येऊ नये? मला उलट वाटतं. लिनक्सचा प्रत्येक बदल, तो कुणी केला, का केला, का मागे घेतला, हे सगळं जगाला वाचायला खुलं आहे. म्हणून मी इथे बसून अकरा वर्षांची ही साखळी कडीकडीने सांगू शकलो. जिथे दप्तर बंद असतं तिथेही फटी असतातच, फक्त त्यांचा इतिहास लिहिता येत नाही.

रायगडच्या हिरकणीची आख्यायिका आपल्याकडे प्रत्येक मुलाला माहीत असते. गडाचे दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या बाळासाठी ती गवळण कडा उतरून गेली. गोष्टीतले शिवाजी महाराज तिला शिक्षा करत नाहीत. साडीचोळी देऊन तिचा सन्मान करतात आणि ज्या कड्यावरून ती उतरली तिथे बुरूज बांधून घेतात. आख्यायिका म्हणूनच ती घ्यायची, पण गड सांभाळणाऱ्याने काय करायला हवं ते सगळं तिच्यात आहे. फट दाखवणाऱ्याचं ऐकून घ्यायचं. फट ताबडतोब बुजवायची. आणि त्या बुरुजाला तिचंच नाव द्यायचं, म्हणजे तीनशे वर्षांनी येणाऱ्यालाही कळावं की हा बुरूज इथे का आहे, आणि तो पाडायचा विचार करण्याआधी त्याने कड्यावरून एकदा खाली वाकून बघावं.